दोन टिकल्या

जठारपेठेत अब्दुल सत्तारच्या गॅरेजला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या शिव्या मी बारा वर्षं ऐकतोय. पण २०१६च्या पावसाळ्यात पंजाबरावांच्या गाडीत डोकावून तो जसा भडकला, तसा आधी कधी भडकला नव्हता.

मीटरच्या काचेवर दोन लाल टिकल्या चिकटवलेल्या होत्या. सत्तारनं नखानं खरवडल्या, तर खाली दोन पिवळे दिवे जळत होते.

"हे कोनं केलं?"

"मीच," पंजाबराव म्हणाले. "माह्या बायकोच्या, पंचफुलाच्या टिकल्या हायेत. दिवे डोयात जात होते."

पंजाबरावांचं गाव अकोटच्या रस्त्यावर. शेताच्या चिखलात चाकं जागीच फिरू लागली की ही नवी गाडी आपोआप इंजिनाचा जोर कमी करायची आणि हे तिथंच रुतून बसायचे. ती सोय तेवढ्यापुरती बंद करायचं बटण समोरच होतं, पण गाडीचं पुस्तक उघडणं यांना कमीपणाचं. त्यांनी कुठल्याशा मिस्त्रीकडून चाकाजवळची तारच तोडून घेतली, तेव्हापासून ते दोन दिवे जळत होते.

ती तार काय शोभेला होती? स्टिअरिंग एकीकडे आणि गाडी भलतीकडे घसरू लागली, की त्या तारेवर चालणारी यंत्रणा नेमक्या एका चाकाला ब्रेक लावते, इंजिन आवरते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाडी सावरते. ट्रॅक्टर शेतातली काळी माती डांबरावर आणून टाकतात. वरून सर आली की रस्ता साबण फासल्यासारखा होतो. त्या रस्त्यावरून रोज हीच गाडी चालवत पंजाबरावांची मुलगी भावना अकोल्याच्या शाळेत शिकवायला येई. दोन वर्षं पिकानं दगा दिलेला, घर तिच्या पगारावर उभं. तिला वाटत होतं, टिकल्या आईनं हौसेनं लावल्यात.

सत्तारनं चाबी खिशात टाकली. "तार जोडल्याबिगर भेटनार नाही."

"गाडी माही हाय, सत्तार!"

"पोरगी बी तुमचीच हाय ना?"

"मोठा शाहना! मांगच्या साली श्रावणच्या गाडीची तार तूच तोडली. त्याले काहून नाही अडवलं?"

श्रावण एसटीत ड्रायव्हर होता. त्याची स्वतःची गाडी वळणावर उलटली आणि तो कुबडीवर आला. पंजाबरावांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला, पण बोलले ते खरं होतं.

"तोडली," सत्तार म्हणाला. "दर शुक्रवारी जातो मी त्याच्या घरी. एक तरी शिवी देईन मले, म्हनून जातो. तो चहा पाजते."

मग तो गाडीखाली शिरला.

शाळा सुटल्यावर भावना आली. मीच तिला सगळं सांगितलं. पंजाबराव डोळे वटारत होते, पण मी थांबलो नाही. सत्तारनं नवी तार टाकून गल्लीत चक्कर मारली, दिवे विझले, आणि त्यानं चाबी तिच्या हातात दिली.

पंजाबराव पुढचं दार उघडायला गेले. तिनं आतून लॉक केलं आणि काच बोटभर खाली घेतली.

"बाबा, तुमी एसटीनं या."

गाडी गेली. पंजाबराव स्टँडकडे चालू लागले.