लेकराच्या मापाचा हात

विमलताई ताकसांडे यांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली. हा लेखही मी रागातच लिहितो आहे, तेव्हा या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने आणि वाचकांनी सांभाळून घ्यावे.

जिल्ह्यातल्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी टर्नर विभागात निदेशक म्हणून नवा लागलो होतो. विमलताई शिवणकामाच्या निदेशिका होत्या. एका दुपारी त्या दोन बोथट कात्र्या घेऊन आमच्या कर्मशाळेत आल्या. मी ग्राइंडरवर धार लावून दिली आणि ऐटीत समोरच्या वर्तमानपत्राचे दोन तुकडे करून दाखवले. ताईंनी कात्री माझ्या हातातून काढूनच घेतली.

"कापडाच्या कात्रीनं कागद कापून राह्यले तुमी? गेली ना धार," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा लावा, सर. अन् दाखवाचं तं कापडावर दाखवा."

माझ्याच विद्यार्थ्यांसमोर झालेली ही शोभा मला आठ दिवस पचली नाही. पण ताईंचा सगळा स्वभाव त्या चार वाक्यांत आला होता. वस्तू ज्या कामाची आहे, ते काम तिने करून दाखवले पाहिजे, बाकी सगळा देखावा. नाचणगावच्या शेतमजुराच्या घरातून शिकून वर आलेल्या ताईंना देखाव्याचे कौतुक कधीच नव्हते.

निवृत्तीनंतर आम्ही दोघेही पिपरी मेघेला शेजारी राहायला आलो. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने एक थ्रीडी प्रिंटर आणून दिला, आणि त्यावर लहान मुलांसाठी प्लॅस्टिकचे हात छापता येतात हेही दाखवले. बाजारातला हात सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचा, हा मात्र सायकलीच्या किमतीत होत होता. कोपर वाकवले की दोऱ्या ताणतात आणि बोटे मिटतात, एवढीच त्याची करामत. यंत्र माझ्या ताब्यात आणि माप, पट्टे, आतले मऊ अस्तर ताईंकडे, अशी वाटणी झाली. त्यांच्या समोरच्या खोलीत शिलाई मशीन आणि प्रिंटर असे शेजारी शेजारी बसले.

पहिला हात आम्ही केला तो आष्टी तालुक्यातल्या समीक्षाचा. सहा वर्षांची पोर, डावा हात जन्मतःच कोपराच्या खाली नाही. तिला काय करायचे आहे, असे ताईंनी विचारले. शाळेत खिचडीच्या रांगेत उभे राहून आपले ताट आपणच दोन्ही हातांनी धरायचे, एवढेच तिला हवे होते. माप घेताना तिची आई रंजना म्हणाली, "ताई, जरा मोठाच करजा. पोरगी वाढून राह्यली. दरसाल कुठं येऊ आमी?"

ताईंनी मान डोलावली, आणि मीही. आयुष्यभर त्यांनी पोरींना वाढत्या अंगाचे झगे शिवायला शिकवले होते. हात दोन बोटांच्या रुंदीइतका मोठा केला आणि आत कापड भरले. चौथ्या दिवशी शाळेत गरम खिचडीने भरलेल्या ताटाच्या वजनाने तो हात निसटला. हात, ताट, खिचडी सगळे समीक्षाच्या पायांवर पडले. पाय भाजले. रांगेतली पोरे हसली, हे तिला भाजण्यापेक्षा जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला एसटीत बसवून सोबत नेले. मी वाटेत चार कारणे जुळवून ठेवली होती. ताईंनी एकही वापरले नाही. त्या खाटेशेजारी जमिनीवर बसल्या आणि आईला नाही, त्या सहा वर्षांच्या पोरीला म्हणाल्या, "चूक माही झाली, बाई. फ्राक मोठा चालते, हात नाई चालत. तू वाढशीन तसा मी नवा करीन." मोठ्या माणसाने लहान लेकराची अशी सरळ माफी मागितलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

तेव्हापासूनची पद्धत आजही चालू आहे. दर उन्हाळ्यात, शाळा उघडायच्या आधी, प्रत्येक मूल पुन्हा येते. ताई त्याचा धड हात खाकी कागदावर ठेवून पेन्सिलीने काढतात आणि कागद उलटा करतात, की दुसऱ्या हाताचे माप मिळते. प्रत्येक मुलाच्या नावाचा भिंतीत एक खिळा आहे. नवा कागद जुन्याच्या खाली लावायचा, म्हणजे मूल किती वाढले ते कडेने दिसते. त्या भिंतीपुढे उभे राहून ताई खूश होतात, आणि मग लगेच मला कामाला लावतात.

आता रागाची गोष्ट.

ताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होणार म्हणून गौरव समिती झाली. चांगली माणसे आहेत, मी स्वतःही त्यात आहे. पंचाहत्तरीनिमित्त पंचाहत्तर मुलांना एकाच व्यासपीठावर हात वाटायचे, असे ठरले. एका दानशूर संस्थेने साहित्य दिले आणि सोबत अटी दिल्या. हात लहान, मध्यम आणि मोठा अशा तीनच मापांत तयार ठेवायचे. ज्याला आधी हात मिळाला आहे, त्याला पुन्हा नाही. टाळ्या वाजतील तेव्हा प्रत्येक मुलाने आपला हात वर धरायचा. ही शेवटची अट लिहून दिलेली होती. ताईंची तब्येत बरी नव्हती, डोळ्यांचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, म्हणून त्यांना पुढे सांगू असे आम्ही म्हटले. हे असले हात ताईंनी आणि मी घरोघरी पाहिलेले होते. शिबिरात मिळालेला, टीव्हीशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला, एकदाही कामाला न आलेला हात. ताई त्याला फोटोचा हात म्हणतात. ते पाहिलेला माणूस असून मी यंत्र चालू केले. मोठ्या लोकांत नाव निघेल याची मलाही हौस होती, दुसरे काय.

जूनमध्ये रंजना समीक्षाला घेऊन आली. पोरगी आता अकरा वर्षांची, पाचवीत, गाव सोडून मोठ्या शाळेत जाणारी. तिने जुना हात काढून दाखवला. कातडी सोलवटली होती.

"सर, हा हात चावते मले," ती म्हणाली.

आणि मी, दारातच उभा राहून, म्हणालो, "कार्यक्रम होऊ दे. मग पाहू. मशीन मोकळं नाही सध्या."

रंजनाने पोरीच्या खांद्यावर ओढणी टाकली आणि वळली. आतल्या खोलीतून ताई आल्या. डोळ्यावर काळा चष्मा, एक हात भिंतीला.

"कोणाचा कार्यक्रम?" त्यांनी विचारले.

मी सगळे सांगितले. ताईंनी ऐकून घेतले, प्रिंटरपर्यंत गेल्या आणि अर्धा हात छापून झालेला असताना भिंतीवरचे बटण बंद केले. मग मला म्हणाल्या, "मेश्राम सर, हात माह्या वयाच्या हिशेबानं करता का लेकराच्या मापानं? मी पंचाहत्तरची झाली त्यात या पोरीचा काय गुन्हा?"

ताईंनी खाकी कागद अंथरला. डोळ्यांना नीट दिसत नव्हते, म्हणून समीक्षाच्या हाताभोवती आधी बोट फिरवायच्या आणि बोटामागून पेन्सिल. तो हात पाचव्या दिवशी तयार झाला. शाळा उघडली तेव्हा तो तिच्या अंगावर होता, आणि ताटाचे विचाराल तर रंजनाने फोनवर सांगितले, "धरते जी. भरून घेते अन् धरते."

संस्थेने साहित्य परत नेले. समितीतल्या काहींनी ताईंना हट्टी म्हटले, म्हातारपणी डोके फिरले असेही एकजण बोलला. त्याला मी इथे उत्तर देतो. लेकरू वाढते ही ज्याला अडचण वाटते, त्याने लेकरांच्या कामात पडू नये. ज्याला हात द्यायचा आहे त्याने माप घ्यायला खाली बसावे, व्यासपीठावर चढू नये. हा परिच्छेद गाळावा अशी सूचना मला आली आहे. तो गाळायचा असेल तर अख्खा लेख गाळा, माझी हरकत नाही. आणि दारात बोललेल्या त्या वाक्याबद्दल मी समीक्षाची माफी मागितली आहे, ताईंनी मागितली होती तशीच, जमिनीवर बसून. गुडघे दुखतात, पण बसलो.

ताई, अशा ग्रंथाच्या शेवटी शुभेच्छा द्यायच्या असतात. मला त्या नीट देता येत नाहीत, मी एक साधी गोष्ट सांगतो. समीक्षाच्या खिळ्याला आज सहा कागद आहेत. मुलीचे अंग अठरापर्यंत वाढते असे धरले, तर अजून सात लागायचे आहेत. भिंतीवर तिच्याहून लहान मुलांचे खिळेही आहेत, आणि परवा नाचणगावहून चार वर्षांचा एक पोरगा येऊन गेला. तेव्हा डोळ्यांत थेंब वेळेवर घाला, जेवण टाळू नका, जिना एकटीने चढू नका. हे सगळे कागद भिंतीला लागेपर्यंत तुम्हाला रजा नाही, आणि तुम्ही मागितलीत तरी मी ती मंजूर करणार नाही.