चौकटीखालची तारीख

सांगलीतल्या एका सहकारी बँकेत आम्ही दोघे हंगामी होतो, मी आणि हवालदार. ते कोरेगावकडचे, सैन्यात सिग्नलमध्ये नोकरी करून आलेले. मी साताऱ्याचा, इंग्रजी बरं असलेला आणि त्याचा माज असलेला. बँकेतल्या संगणकांची जोडणी सांभाळायला दोघांतल्या एकालाच कायम करणार होते.

केबलला हात कसा लावायचा हे मला त्यांनीच शिकवलं. "एक टोक ढिलं पडलं की समदी बँक बसती, गड्या. आदी टोकं बघायची," असं ते म्हणायचे. मी टोकं बघायचो आणि मनात म्हणायचो, तुमचं इंग्रजी ऐकून साहेब हसतात ते तुम्ही बघा.

त्यांच्याकडे एका परदेशी कंपनीचं संगणकजोडणीचं प्रमाणपत्र होतं. पुण्याला जाऊन, दुसऱ्या खेपेला मिळवलेलं. ते त्यांनी सोनेरी चौकटीत बसवून घेतलं होतं आणि खंडेनवमीला घरून बँकेत आणायचे. संगणकांना झेंडूचे हार पडायचे, मधोमध ती चौकट. हळदकुंकू लावायचं काम माझं. मीही ती परीक्षा नुकतीच पास झालो होतो, त्यामुळे त्या वर्षी काचेवर बोट टेकवताना लक्षात आलं की माझ्या कागदावर सहीखाली आणखी एक बारीक ओळ आहे. मुदत दोन वर्षं, पुढे पुन्हा परीक्षा. त्यांची ती ओळ चौकटीच्या पट्टीखाली गेली होती.

मी दोन महिने गप्प बसलो. मुलाखतीच्या दिवसासाठी ते जपून ठेवलं. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मला कुणी भला माणूस समजायचा.

मुलाखतीला संचालकांनी दोघांना एकदमच आत घेतलं. हवालदारांनी चौकट टेबलावर ठेवली. मी म्हणालो, "साहेब, ती जरा उघडून बघा."

शिपायाने पकडीने खिळे उपसले. काचेवर अजून कुंकू होतं. पट्टी निघाली तशी खालची ओळ दिसली; तिथला कागद पांढराच राहिला होता, बाकीचा पिवळा पडलेला. तारीख उलटून आठ महिने झाले होते.

"म्हणजे काय?" एका संचालकांनी विचारलं.

"औषधाच्या बाटलीवर तारीख असते ना साहेब, तसंच." हे वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं. सगळे हसले.

"आवं, तार तीच हाय, मशीन तेच हाय," हवालदार म्हणाले. "मग मीच कसा शिळा झालो? पलटणीतला कागद मरंस्तवर चालतो."

अशा प्रमाणपत्रांना मुदत असावी का? असावी. तेव्हाही मला तसंच वाटायचं, आजही वाटतं. एकदा शिकलेल्यावर जन्मभर जेवणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण हवालदारांना दोन महिने आधी सांगितलं असतं तर ते पुण्याला जाऊन पुन्हा पास झाले असते, हेही मला ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं नाही.

कायम मला केलं. बँक सोडून जाताना त्यांनी केबलची पकड माझ्या टेबलावर ठेवली. "टोकं बघत जा रं," एवढंच म्हणाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढे माझ्या कागदाचीही दोन वर्षं संपली. बँकेत सगळं तेच होतं, हवालदारांच्या जुन्या परीक्षेतलं. नवा अभ्यासक्रम मी चाळून पाहिला. मला तो झेपणारा नव्हता. मी कागद घेऊन चौकटवाल्याकडे गेलो.

"खालची पट्टी दोन बोटं रुंद घ्या," मी म्हणालो.

"आवं, खालचं अक्षर झाकंल की."

"झाकू दे," मी म्हणालो.