सोल्वेगची चाळणी

आर्विड नीगार्ड आणि सोल्वेग ट्वेटन गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपटीत दार लावून हात धरतात, ही बातमी बर्निसनं मला चर्चच्या तळघरात कॉफी ओतता ओतता दिली. मी ती गरम असतानाच पुढे वाढली. आर्विड विधुर, सोल्वेग बिनलग्नाची. गावाला आनंदच झाला.

सोल्वेग आमच्याच गावची, मिनियापोलिसच्या पेसमेकर कारखान्यात इंजिनिअर. आर्विडच्या छातीत तिथलाच पेसमेकर होता. हृदय थबकलं तर ठोका द्यायचा, चालत असेल तर गप्प बसायचं, एवढंच त्याचं काम. पण मासे धरायला तळ्याच्या बर्फात भोक पाडायला घेतलं की आर्विड भोवळ येऊन पडे. इस्पितळात खाटेवर निजवून तपासलं, तर यंत्र ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, तळं सोडा. हे म्हणजे माशालाच सांगण्यासारखं.

"इंजिनाचं गिरमिट घे की," मी म्हटलं.

"मग मासाही दुकानातूनच आणतो."

सोल्वेग म्हणाली, "खाटेवर पडून कोणी बर्फ पोखरतं का? चल, तळ्यावर दाखव मला."

तिथं तिला चोर सापडला. हातानं गिरमिट फिरवताना छातीच्या स्नायूंतून विजेची बारीक कुजबुज उठे. यंत्राला वाटे, हृदयच बोलतंय. ते गप्प बसे. गत आमच्या गावासारखीच: कुजबुज ऐकली की खरी मानायची.

ठोका तेवढा आत सोडून ही कुजबुज अडवणारी चाळणी करायची, असं तिनं ठरवलं. कारखान्यातला साहेब म्हणाला, "बर्फात भोकं पाडणारे पेशंट असे कितीसे असणार?"

"आमच्या तळ्यावर? सगळेच."

वर्षभर ती त्या चाळणीमागे होती. आर्विडची बॅटरी संपत आली, तेव्हा डॉक्टरांनी नवं, चाळणीवालं यंत्र बसवलं.

फेब्रुवारीत मासेमारीच्या स्पर्धेला सारं गाव बर्फावर. बर्निस घोंगडी घेऊन तयार, पाद्रीबुवा तिच्या शेजारी. आर्विडनं गिरमिट रोवलं आणि फिरवत राहिला. बर्फाचा चुरा उडाला, भोकातून काळं पाणी वर आलं. गडी उभाच. त्यानं दुसरं पाडलं, तिसरं पाडलं, वर माझंही पाडून दिलं.

"कसं वाटतंय?" सोल्वेगनं लांबूनच विचारलं.

"वाईट नाही," आर्विड म्हणाला. आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही. सोल्वेग कानापर्यंत लाल झाली.

"मग लग्न कधी?" बर्निसनं विचारलंच.

लग्न झालं नाही. खोपटीत हात धरला होता, हे मात्र खरं. सोल्वेग नाडी बघत होती.