पडदेवाले भाऊंची धुळकट पानं

पडदेवाले भाऊंनी माझ्याकडे काम केलं तेवढ्या दिवसांत एकही पान हिरवं रंगवलं नाही. आपल्या गावाहून, कोरपन्याहून येताना रुमालात पानं बांधून आणायचे, सिमेंटच्या धुळीनं पांढुरकी झालेली, आणि रंग त्यांच्याशी ताडून बघायचे. "थोडं हिरवं चालेल, भाऊ," मी एकदा म्हटलं, तर भडकलेच. "चालते कोणाले? मले एक पान दाखवा तसं. नाई ना? मंग खोटं काऊन रंगवू?"

उभा जन्म त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले. छापील पडदे आले आणि हातचं काम गेलं. तेव्हा मी त्यांना चंद्रपूरच्या माझ्या छोट्या स्टुडिओत आणलं. एका वाहिनीसाठी आम्ही टवाळखोर कार्टून मालिका करत होतो. पात्रं आम्ही संगणकावर हलवायचो. त्यांच्यामागचं गाव, रस्ता, झाडं भाऊ कागदावर रंगवायचे.

मालिकेच्या ज्या भागावरून सगळं बिनसलं, त्याची गोष्ट त्यांनीच दिली. गावात बडे पाहुणे येणार, म्हणून रस्त्याकडेची धुळकट झाडं टँकर लावून धुतात, आणि पाण्याचे रिकामे गुंड-हंडे घेतलेल्या बाया बघत उभ्या राहतात. आम्ही पोट धरून हसलो. भाऊ हसले नाहीत. म्हणाले, "हसून काय राह्यले? माझी बायको होती त्या लायनीत. टँकरवाल्याले हात जोडले तिनं."

रांगेतल्या त्या बाईचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, चेहरा त्यांनी आम्हाला चार वेळा बदलायला लावला. "ती रडत नाई, चिडली हाये," एवढंच सांगायचे.

भाग वाहिनीकडे गेला आणि फोन आला. जाहिरातदार सिमेंटवाला! विनोद छान जमलाय म्हणे, फक्त झाडं तेवढी हिरवी करा, नाहीतर मालिका बंद. आम्हा सहा जणांची पोटं त्या मालिकेवर होती, हे खरं. पण मी वाद घातला तो जेमतेम दोन मिनिटं, हेही खरं. भाऊ गावी गेले होते. त्यांचं दीड महिन्याचं काम मी एका दुपारी हिरवंगार करून टाकलं. त्यांना विचारण्याची हिंमत माझ्यात नव्हती.

भाग लागला. टँकर हिरव्याकंच झाडांना प्रेमानं पाणी घालतोय, आणि मागे एक बाई विनाकारण डोळे वटारून उभी! "वृक्षसंवर्धनावर छान केलंत," असं म्हणून एका गृहस्थांनी माझं अभिनंदनसुद्धा केलं. त्यांच्या नाही, माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले. आपले ब्रश त्यांनी पिशवीत भरले. मी पोटापाण्याचं सांगायला लागले, तेव्हा हातानंच थांबवलं.

"सारं गाव पाहून राह्यलं होतं. माझ्या बायकोले येडी केली तुमी, बाई. माझं नाव काढा त्याच्यातून."

वाहिनीनं ते लगेच काढलं. तो भाग अजून अधूनमधून दाखवतात. शेवटी नावं येतात, त्यात भाऊ नाहीत. माझं आहे, सगळ्यात वर.