टबाची जाळी

आमच्या वरवंडच्या बंगल्यात बाथटब आहे आणि त्यात आजवर कोणीही आंघोळ केलेली नाही. सासऱ्यांनी बांधकामाच्या वेळी तो हौसेनं बसवून घेतला. नळाला पाणी एक दिवसाआड, त्यामुळे पहिल्याच उन्हाळ्यात टबाची टाकी झाली. तो भरायचं काम सासूबाईंचं. नळ सोडायचा, मागच्या दारी मेथीच्या जुड्या बांधत बसायचं आणि सवडीनं येऊन बंद करायचा, ही त्यांची पहिल्यापासूनची रीत.

गेल्या पावसाळ्यानंतर हा टब तीनदा भरून वाहिला. तिसऱ्या वेळी पाणी हॉलमध्ये आलं, सोफा खालून भिजला. मी चिडले तशा त्या म्हणाल्या, "मी इसरले न्हवते गं. जादा पानी त्या वरच्या भोकातनं जातंय की आपलं आपण." टबाच्या कडेखाली चार बोटांवर एक गोल जाळी आहे, तिच्याबद्दल त्या बोलत होत्या. पण पाणी तर सोफ्याखाली होतं. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. दोघांनीही मनात एकच ठरवलं, आईंचं आता वय झालं.

दौंडच्या डॉक्टरांनी 'लक्ष ठेवा' एवढंच सांगितलं. मी ते मनावर घेतलं, आणि मी एखादी गोष्ट मनावर घेतली की घरात कोणाचं चालत नाही. गॅसजवळ जायचं नाही, बाजारात एकटीनं जायचं नाही. "आजीला काही सांगून ठेवू नका, तिच्या लक्षात राहत नाही," असं मुलांना मी सासूबाईंच्या समोरच सांगितलं.

परवा दौंडहून प्लंबर बोलावला. जुनी जाळी गंजलेली होती. ती आणि तिच्यामागचा पाइप नवा बसवला की आई नळ विसरल्या तरी पाणी बाहेर येणार नाही, असा नवऱ्याचा बेत. प्लंबरनं तेल सोडून स्क्रू सैल केला, जाळी काढली, भोकात बोट घातलं आणि थांबला. मग पक्कड आत घालून त्यानं जोर लावला. पांढऱ्या सिमेंटचा एक तुकडा आला आणि त्यामागून निळ्या प्लास्टिकच्या पिशवीचा बोळा.

"वैनी, ह्ये कुणी कोंबलं? भोक बुजवल्यावर पानी जानार कुठनं?"

ती पिशवी माझ्या ओळखीची होती, माझ्या भावाच्या लग्नातल्या साड्यांची. गेल्या उन्हाळ्यात पाण्याची फार टंचाई होती. टब चार बोटं जास्त भरला तर तीन-चार बादल्या वाढतील, म्हणून मीच जाळी काढून भोक बुजवलं होतं. जाळी पुन्हा लावली, कोणाला सांगितलं नाही आणि पार विसरून गेले. उन्हाळाभर नळाची धार बारीक, त्यामुळे टब कधी काठापर्यंत आलाच नाही. मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की प्लंबरसमोर मान वर करवेना.

नवा पाइप बसला. टब भरून पाहिला, जादा पाणी गुमान जाळीतून गेलं. मी मागच्या दारी गेले आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. "आई, तुम्ही काहीच विसरत नव्हता. मी विसरले होते." मला वाटलं, आता चार शब्द सुनावतील. सुनावले असते तर बरं झालं असतं.

"असू दे गं," त्या म्हणाल्या. "पर मला खरंच काय ध्यानात ऱ्हात न्हाई आता. समदीच म्हंत्यात की."

मी त्यांचा हात धरून स्वयंपाकघरात नेलं आणि म्हटलं, "आई, चहा तुम्ही करा." त्यांनी लायटर उचलला. बटणाकडे नेलेला हात मागे घेतला आणि मला विचारलं, "तू हितंच उभी ऱ्हाशील न्हवं?"