सी लामीनचं न्यायासन

रोज दुपार कलल्यावर असरची नमाज झाली की सी लामीन टेकडीवरच्या रोमन पडझडीत जायचे, अर्धगोल दगडी बाकावरची पाल हुसकायचे, अंगावरच्या लोकरी झग्याच्या, बुरनूसच्या टोकानं दगड पुसायचे आणि भोक चुकवून बसायचे. मग आइन रुम्मान गावाची भांडणं एकेक करत वर चढायची. कुणाची शेळी कुणाच्या सातूत, कुणाच्या जैतुनाची फांदी कुणाच्या अंगणात.

बाकाला ओळीनं भोकं होती. सी लामीनच्या वडिलांनी फ्रेंच साहेबाच्या हाताखाली तो उकरून काढला, तेव्हा इथं कोण बसायचं असं विचारलं होतं. साहेब मिशीत हसून म्हणाला, गावातली बडी माणसं. साहेब खोटं बोलला नाही; पूर्ण बोलायची मात्र त्याला सवय नव्हती. उरलेलं गावानं आपल्या अकलेनं भरलं. थंडीत बड्यांची बैठक ऊबदार राहावी म्हणून भोकांखाली शेगडी ठेवत असणार. आमच्याकडे शेगडीला कानून म्हणतात, आणि कायद्यालाही जवळजवळ तेच. एवढा भक्कम पुरावा असताना शंका कोण घेणार?

तसे सी लामीन जन्मभर मेंढ्या कातरत आलेले. टेकडीखाली त्यांना कुणी विचारत नसे. बाकावर बसले की मात्र गाव ऐकायचं. घरात चमचा कुठं ठेवायचा हे ज्यांना ठरवता येत नाही ते वर जाऊन बांध ठरवतात, असं त्यांची बायको झोहरा म्हणायची.

मग ट्युनिसहून पुरातत्त्व खात्याची एक मुलगी आली. नाव इन्साफ. तिनं बाकाचे फोटो काढले आणि शेजारी पाटी रोवली: सार्वजनिक शौचालय.

सी लामीननी पाटी दोनदा वाचली. मग हळूच विचारलं, "पोरी, सगळे एकत्र बसायचे?"

"हो काका. गप्पा मारत. सौदेसुद्धा इथंच व्हायचे."

"आणि भांडणं?"

"तीही होत असतील."

"मग वेगळं काय झालं?" ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी गेले नाहीत.

कॉफीच्या दुकानाला ती पाटी महिनाभर पुरली. हमामवाला नूरी रोज विचारायचा, "सी लामीन, आज पोट साफ की निकाल साफ?" ज्यांच्याविरुद्ध निकाल लागले होते, त्या सगळ्यांना एकाएकी रोमन इतिहासाची गोडी लागली. सी लामीन घरात बसून राहिले. वर त्यांचा एक शब्द पुरायचा. घरात हाक मारली तरी कुणी वळेना.

पुढं नूरीचं आणि त्याचा चुलतभाऊ हेदी याचं विहिरीवरून वाजलं. दोघं तालुक्याच्या शिकल्यासवरल्या कोर्टात गेले. कोर्टात भोकं नव्हती. दोन वर्षांत वकिलांची घरं उभी राहिली, विहिरीला सरकारी कुलूप लागलं आणि नूरीचा हमाम कोरडा पडला. शेवटी दोघं सी लामीनच्या दारात येऊन खाली बघत उभे राहिले. इथंच बोला, असं सी लामीन म्हणाले. नूरी पुटपुटला, "इथं नको काका. वरच चला."

खटला मागं घ्यायचा, कुलूप काढून घ्यायचं आणि पाणी एक दिवसाआड वाटून घ्यायचं, असं वर ठरलं. त्याच रात्री सी लामीनना ताप भरला, आणि आठवड्याच्या आत ते गेले. जाताना त्यांनी अख्ख्या गावाला माफ केलं, असं गाव आता सांगतं. गावाला माफी फुकट मिळालेलीच आवडते. तापात ते एक अक्षर बोलले नाहीत. माफीसारखं काही बोलले असलेच तर ते त्या संध्याकाळी, निकालाआधी, टेकडीवर. दोघं भाऊ पाटीकडं बघत अवघडून उभे होते, आणि सी लामीन बुरनूस काढत म्हणाले, "बसा रे. दगड गार आहे, हा खाली घ्या."