हडळीचे पाय

हॅलोविनसाठी बाजारातलं प्लॅस्टिकचं भूत आणणं मला पटत नाही. त्या वर्षी इथे परदेशात, मरीन परेडच्या आमच्या काँडोत, लिफ्टसमोर, मी घरी बनवलेली हडळ उभी केली. मान हलवायला गाडीच्या वायपरची मोटर बसवली, धुक्यासाठी पायाशी गरम पाण्याची बादली आणि ड्राय आइस. पाय अर्थातच उलटे. हडळीची ओळखच ती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येऊन बघतो तर पाय सरळ! चरफडत मी ते परत फिरवले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या चिनी आजीच वाकून ते सरळ करताना सापडल्या.

"माझी चूक नाहीये ही," मी आवाज चढवला. "आमच्याकडे हडळीचे पाय असेच असतात."

आजींनी शांतपणे विचारलं, "मग ही घरी कशी जाणार?"

सोळा वर्षं मीही 'पुढच्या वर्षी नक्की मायदेशी परत जाऊ' म्हणत आलो होतो. मी बादलीत ड्राय आइस टाकला. धुकं जमिनीवरून पसरलं. आधी तिचे पाय दिसेनासे झाले, मग माझे.